आपल्याकडचा ‘सी’ : एचआयव्हीच्या उपप्रकारांची ओळख

वऱ्हाडात धामणगावे एकाहून अधिक आहेत. एक धामणगाव बढे, दुसरे धामणगाव गढी, आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा व पुलगाव यांच्या दरम्यानचे धामणगाव रेल्वे. पाकिटावर नुसते ‘धामणगाव’ लिहिले तर पत्र भलतीकडे जायचे. म्हणून गावाच्या नावापुढे आणखी एक ओळख जोडावी लागते.

एचआयव्ही या विषाणूचेही तसेच आहे. पाठ्यपुस्तकात तो एकच असतो. परंतु प्रयोगशाळेत नुसते ‘एचआयव्ही’ म्हणून भागत नाही. एचआयव्ही-१ की एचआयव्ही-२? एचआयव्ही-१ असेल तर कोणता गट? गट ‘एम’ असेल तर कोणता उपप्रकार? महाराष्ट्रात आजवर ज्या रुग्णांच्या विषाणूची जनुकीय रचना वाचली गेली, त्यांतील बहुतेकांचा पत्ता ‘एचआयव्ही-१, गट एम, उपप्रकार सी’ असा निघाला आहे. हा पत्ता कसा शोधतात, हा ‘सी’ आपल्याकडे आला कुठून, आणि अमरावती, अकोला किंवा यवतमाळच्या उपचार केंद्रात औषध घेणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो, हे आपण या लेखात पाहू. त्याचबरोबर या पत्त्यावरून काय ठरवता येत नाही, हेही पाहू. शिक्षकांच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे.

नक्कल करणारा घाईचा कारकून

एचआयव्हीचा जनुकसंच अगदी आटोपशीर असतो. आपल्या पेशीतील डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. एचआयव्हीचा सारा मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा, आणि त्यात जनुके अवघी ९. हा मजकूर आरएनएच्या रूपात असतो आणि प्रत्येक विषाणूकणात त्याच्या दोन प्रती असतात. ही ‘दोन प्रती’ची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

विषाणू रक्तातील सीडी-४ पेशीत शिरला की आपल्या आरएनएची नक्कल डीएनएमध्ये करतो. हे काम त्याचे एक विकर करते. त्याला व्युत्क्रम प्रतिलेखक, म्हणजेच रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज म्हणतात. आपल्या पेशींत डीएनएची नक्कल होते तेव्हा लिहिलेले पुन्हा तपासण्याची सोय असते. या विकराकडे ती सोय नाही. ते घाईने लिहिते आणि मागे वळून पाहत नाही. ढोबळमानाने दर तीन प्रतींमागे एखादी चूक राहून जाते.

दर तीन प्रतींमागे एक चूक म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण उत्पादन किती आहे ते पाहा. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणूकण तयार होतात, असे गणित १९९६ मध्ये मांडले गेले. म्हणजे एकाच माणसाच्या शरीरात एका दिवसात अक्षराची जवळजवळ प्रत्येक शक्य चूक कुठे ना कुठे होऊन जाते. बऱ्याच चुका विषाणूला मारक ठरतात आणि तिथेच संपतात. काही निरुपद्रवी असतात, त्या टिकतात. मोजक्या चुका विषाणूला उपयोगी पडतात. प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटण्याचे किंवा औषधाला दाद न देण्याचे बळ त्याला त्यांतूनच मिळते. विषाणूच्या वैविध्याचे मूळ हे असे आहे.

वर्गात करून पाहण्याजोगा खेळ

चुकांवरून वंशावळ कशी काढतात, हे समजण्यासाठी एक सोपा खेळ आठवी-नववीच्या वर्गातही घेता येईल. फळ्यावर एक वाक्य लिहावे. एका विद्यार्थ्याने ते चिठ्ठीवर उतरवून पुढच्याला द्यावे, पुढच्याने ती चिठ्ठी पाहून नवी लिहावी, आणि अधूनमधून एखादा शब्द मुद्दाम चुकवावा. शेवटी चिठ्ठ्या गोळा करून दुसऱ्या गटाला द्याव्यात. कोणी कोणाचे पाहून लिहिले हे त्या गटाला सांगू नये. समजा, हाती अशा चिठ्ठ्या आल्या :

क. धामणगावच्या गाडीत कापसाच्या गाठी चढल्या.
ख. धामणगावच्या गाडीत कापसाच्या गाठी पडल्या.
ग. धामणगावच्या वाडीत कापसाच्या गाठी पडल्या.
घ. धामणगावच्या गाडीत कापडाच्या गाठी चढल्या.
च. धामणगावच्या माडीत कापडाच्या गाठी चढल्या.

आता फरक मोजावेत. ‘क’ आणि ‘ख’ यांत एका शब्दाचा फरक, ‘ख’ आणि ‘ग’ यांतही एकाचा; पण ‘ग’ आणि ‘च’ यांत तीन शब्दांचा. ‘पडल्या’ ही चूक ‘ख’ आणि ‘ग’ दोघांत आहे, म्हणजे त्या एका शाखेच्या. ‘कापडाच्या’ ही चूक ‘घ’ आणि ‘च’ यांत आहे, म्हणून त्या दुसऱ्या शाखेच्या. मुले पाच मिनिटांत फळ्यावर झाड काढतात : बुंध्याशी ‘क’, एका फांदीवर ‘ख’ आणि ‘ग’, दुसरीवर ‘घ’ आणि ‘च’. विषाणूंचा वंशवृक्षही नेमका याच रीतीने काढतात. चिठ्ठ्यांऐवजी हजारो अक्षरांचे मजकूर असतात आणि मोजदाद संगणक करतो, एवढाच फरक.

आता सहावी चिठ्ठी टाकावी :

छ. धामणगावच्या माडीत कापडाच्या गाठी पडल्या.

ही कोणत्या फांदीवर बसवायची? पहिला अर्धा भाग वाचला तर ती ‘च’ची सख्खी बहीण. शेवटचा शब्द वाचला तर ‘ख’ आणि ‘ग’ यांच्या घरातली. एखाद्याने दोन चिठ्ठ्या समोर ठेवून अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे उतरवले असणार. विषाणूतही असेच घडते. एका माणसाला दोन वेगळ्या विषाणूंची लागण झाली आणि दोन्ही एकाच पेशीत शिरले, तर नव्या कणात दोन प्रतींपैकी एक पहिल्याची, एक दुसऱ्याची येऊ शकते. पुढच्या पेशीत नक्कल करताना विकर एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर उडी मारते. तयार होते ती दोन कापडांची गोधडी. यालाच पुनर्संयोजन म्हणतात.

खेळातून आणखी एक धडा मिळतो. पाच-सहा शब्दांच्या वाक्यात ‘पडल्या’ ही चूक दोघांनी स्वतंत्रपणे केली असणेही शक्य आहे. वाक्य जितके लांब, तितका असा योगायोग अवघड. म्हणूनच विषाणूच्या एका लहान तुकड्यावरून उपप्रकार ठरवणे सोयीचे असले, तरी खात्री करायची तर पूर्ण मजकूर वाचावा लागतो.

ए, बी, सी, डी ...

जगभरातील एचआयव्ही-१चे चार गट आहेत : एम, एन, ओ आणि पी. जागतिक साथीला कारण झालेला गट ‘एम’. त्याच्या वंशवृक्षाला ज्या ठळक फांद्या दिसतात, त्यांना उपप्रकार म्हणतात. त्यांची नावे ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के, आणि २०१९ मध्ये भर पडलेला एल. यादीत ‘ई’ आणि ‘आय’ नाहीत, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. ती नावे एके काळी दिली गेली होती. पुढे पूर्ण मजकूर वाचल्यावर दोन्ही गोधड्याच निघाल्या. थायलंडमधील ‘ई’चे आवरण वेगळे असले तरी आतला बराच भाग ‘ए’चा होता. एकाहून अधिक रुग्णांमध्ये स्थिरावून पसरलेल्या अशा मिश्र विषाणूंची संख्या आता शंभराच्या वर गेली आहे.

दोन उपप्रकारांत फरक किती असतो? विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन पाहिले तर ३० टक्क्यांच्या आसपास. एकाच उपप्रकाराच्या दोन विषाणूंतही हा फरक १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामानाने आतील विकरांची जनुके पुष्कळ सारखी राहतात. हे स्वाभाविकच आहे. आवरणावर प्रतिद्रव्यांचा सतत मारा असतो, तेव्हा बदलत राहणे त्याच्या फायद्याचे. विकर बिघडले तर विषाणूचे कामच थांबते.

अमेरिका आणि पश्चिम युरोपात ‘बी’चे प्राबल्य आहे. म्हणूनच सुरुवातीचे बहुतेक संशोधन, औषधे आणि चाचण्या ‘बी’वर बेतल्या गेल्या. जगातील सुमारे निम्मे रुग्ण मात्र ‘सी’चे आहेत. ते मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण व पूर्व भागात, इथिओपियात आणि भारतात आहेत.

रेल्वेने पसरलेली फांदी

गट ‘एम’चा उगम मध्य आफ्रिकेतील चिंपांझींच्या एका विषाणूपासून झाला. आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींत त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सापडले आहेत. माणसात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास आला आणि त्या वेळच्या बेल्जियन काँगोमधील लिओपोल्डव्हिल शहरात, म्हणजे आजच्या किन्शासात, रुजला. या शहरातील १९५९ आणि १९६० सालचे दोन जुने नमुने उपलब्ध आहेत. त्या दोहोंत तेव्हाच एवढा फरक पडला होता की त्यांचा समाईक पूर्वज कित्येक दशके मागे असला पाहिजे, असे गणित सांगते.

या गणिताची रीत सोपी आहे. आवरणाच्या जनुकात दर १,००० अक्षरांमागे वर्षाला साधारण दोन-तीन बदल टिकून राहतात. अडीच धरू. दोन फांद्या दहा वर्षांपूर्वी फुटल्या असतील, तर प्रत्येकीत २५ बदल होतील. दोन्ही मिळून हजारात ५०, म्हणजे ५ टक्के फरक. उलट, फरक मोजून काळ काढता येतो. गुणाकार करताना दोन्ही फांद्या धरायला विद्यार्थी हमखास विसरतात. उदाहरण म्हणून हे फळ्यावर सोडवून घ्यावे.

किन्शासातून विषाणू पसरला तो मुख्यतः लोहमार्गाने. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या नमुन्यांचा वंशवृक्ष आणि काँगोच्या रेल्वेचा इतिहास शेजारीशेजारी ठेवून पाहिले गेले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस किन्शासातून वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक रेल्वेने ये-जा करत होते. दक्षिणेकडील खाणींच्या शहरांत, म्हणजे म्बुजी-मायी व लुबुम्बाशी या भागात, जी फांदी पोहोचली आणि तेथून आफ्रिकेच्या दक्षिण भागात वाढली, तीच ‘सी’. हा दोष रेल्वेचा नव्हे आणि प्रवाशांचाही नव्हे. माणसे कामासाठी जातात तेथे त्यांच्यासोबत भाषा, बियाणे, गाणी जातात, तसे जंतूही जातात. आपल्याकडे १८९६ नंतरची प्लेगची साथही बंदरांतून आणि लोहमार्गांनीच पसरली होती.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९८६ हे विषाणू सापडल्याचे वर्ष. तो येथे पोहोचला त्याच्या बराच आधी. वंशवृक्षाच्या गणितावरून भारतीय ‘सी’चा समाईक पूर्वज या तारखेच्या दहा-एक वर्षे तरी मागे जातो.

१९९० नंतर भारतातील नमुन्यांचे मजकूर वाचले जाऊ लागले, तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. ते एकमेकांशी जितके जुळत होते तितके आफ्रिकेतील ‘सी’शी जुळत नव्हते. १९९४ मध्ये एका संशोधनगटाने निष्कर्ष मांडला, की भारतातील एचआयव्ही-१ची साथ अलीकडची असून ती एकाच पूर्वजापासून पसरलेली दिसते. पुढच्या अभ्यासांनीही भारतीय ‘सी’ ही आफ्रिकेच्या दक्षिणेतील ‘सी’ला फुटलेली स्वतंत्र डहाळी आहे, याला दुजोरा दिला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मूठभर बियाण्यावर सारे शिवार उभे राहिले. अनेक वेळा, अनेक बाजूंनी विषाणू आला असता, तर येथे ए, बी, सी, डी सगळ्यांची सरमिसळ दिसली असती.

देशाच्या ईशान्येला चित्र थोडे निराळे आहे. मणिपुरात ‘सी’बरोबर थायलंडकडून आलेला ‘बी’ही आढळला आणि दोहोंचे मिश्र विषाणूही. चीनच्या युनान प्रांतात तर भारतीय ‘सी’ आणि थायलंडकडील ‘बी’ यांच्या गोधड्या तयार होऊन देशभर पसरल्या.

पुण्यातील सहा नमुने

महाराष्ट्रातील वैविध्याचा विचार करताना एका शोधनिबंधाचा उल्लेख अटळ आहे. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्यातील, नुकतीच लागण झालेल्या सहा व्यक्तींचे विषाणू वाढवले आणि त्यांचा जवळजवळ संपूर्ण मजकूर वाचला. के. एस. लोले व सहकाऱ्यांचा हा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांत दीपक गडकरी व रमेश परांजपे हे होते.

सहापैकी पाच विषाणू नखशिखांत ‘सी’ निघाले. सहावा मात्र आपल्या खेळातल्या ‘छ’ चिठ्ठीसारखा होता. बराचसा ‘सी’, पण आवरणाच्या जनुकात आणि मजकुराच्या शेवटच्या टोकाकडे मध्येमध्ये ‘ए’चे तुकडे. म्हणजे ‘ए’ आणि ‘सी’ हे दोन्ही विषाणू कधीतरी, कुठेतरी एकाच माणसाच्या एकाच पेशीत एकत्र आले होते. सहा नमुन्यांवरून टक्केवारी काढता येत नाही. पण मिश्रणाची क्रिया घडून गेली आहे, हे सिद्ध करायला एक नमुनाही पुरतो.

सांधा नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी संशोधकांनी मजकुरावरून एक खिडकी सरकवत नेली. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, की एवढा तुकडा कोणाशी जास्त जुळतो, ‘ए’शी की ‘सी’शी? उत्तराची रेघ जेथे एकावरून दुसऱ्यावर जाते, तेथे सांधा. हे काम करणारी ‘सिमप्लॉट’ नावाची संगणकप्रणाली याच निबंधातून जगापुढे आली. पुण्याच्या सहा विषाणूंसाठी वापरलेले हे साधन पुढे जगभर इतर विषाणूंसाठीही वापरले गेले. करोना विषाणूच्या अभ्यासातही ते दिसले.

‘सी’च्या आतही सगळे एकसारखे राहिलेले नाही. विषाणूच्या मजकुराच्या आरंभी, नक्कल सुरू करणारी जी कळ असते, तिच्यात पेशीतील एक प्रथिन बसण्याच्या जागा असतात. ‘बी’मध्ये साधारणतः २, ‘सी’मध्ये ३. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले, की भारतात ४ जागा असलेले ‘सी’ विषाणू वाढत आहेत आणि प्रयोगशाळेतील स्पर्धेत ते ३ जागांच्या विषाणूंना मागे टाकतात. उत्क्रांती पाहण्यासाठी डायनोसॉरच्या काळात जावे लागत नाही. ती एका दशकातही दिसते.

अक्षराच्या फरकाने काय बिघडते?

हे सारे वर्गीकरण नुसते शास्त्रज्ञांच्या हौसेचे आहे का? तसे नाही. एक उदाहरण बारावीच्या विद्यार्थ्यालाही तपासता येईल.

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. त्यानंतर पंधराएक वर्षे पहिल्या फळीच्या उपचारात नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ यांपैकी एक औषध असे. ते व्युत्क्रम प्रतिलेखकाच्या एका खाचेत बसून त्याला ठप्प करते. या विकराच्या १०६ क्रमांकाच्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असते. तेथे मेथिओनिन आले, की या औषधांचा प्रभाव उरत नाही.

व्हॅलिनसाठी एकाहून अधिक संकेत आहेत. ‘बी’ विषाणूत या जागी बहुधा ‘जीटीए’ असतो, ‘सी’मध्ये ‘जीटीजी’. दोन्हींचा अर्थ व्हॅलिनच. पण मेथिओनिनचा संकेत एकच : ‘एटीजी’. ‘सी’ला तेथे पोहोचायला एकच अक्षर बदलावे लागते, पहिल्या ‘जी’चा ‘ए’ केला की झाले. ‘बी’ने तेच अक्षर बदलले तर ‘एटीए’ होतो, म्हणजे आयसोल्युसिन, आणि त्याने विषाणूचे फारसे साधत नाही. ‘बी’ला दोन अक्षरे बदलावी लागतात. म्हणून हा विशिष्ट बदल ‘सी’च्या रुग्णांत अधिक दिसतो. फक्त ‘बी’चा अभ्यास केला असता, तर तो दुर्मीळ समजून सोडून दिला गेला असता.

दुसरे उदाहरण चाचण्यांचे. रक्तातील विषाणूंची संख्या मोजणारी चाचणी विषाणूच्या मजकुरातील ठरावीक तुकडा ओळखून काम करते. नव्वदच्या दशकाच्या मध्यास वापरात आलेल्या काही चाचण्या ‘बी’च्या मजकुरावर बेतलेल्या होत्या. काही इतर उपप्रकारांची संख्या त्या प्रत्यक्षाहून कमी दाखवत. पुढे त्यांत सुधारणा कराव्या लागल्या.

तिसरे उदाहरण एचआयव्ही-२चे. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला हा चुलतभाऊ १९९१ मध्ये मुंबईतील नमुन्यांत आढळला. त्याचे रुग्ण थोडे आणि आजाराची गतीही मंद. परंतु नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ त्याच्यावर मुळीच चालत नाहीत. तेव्हा तपासणीत १ आणि २ वेगळे ओळखणे हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न ठरतो.

लस अजून का नाही, याचेही उत्तर बऱ्याच अंशी येथेच आहे. देवीचा विषाणू सर्वत्र जवळजवळ सारखा होता. एचआयव्हीचे तसे नाही. प्रतिकार करणाऱ्या पेशी विषाणूच्या प्रथिनांचे जे लहान तुकडे ओळखतात, त्यांची तुलना पुण्याच्या वरील अभ्यासात प्रयोगशाळेतील एका ‘बी’ विषाणूशी केली गेली. हुबेहूब जुळले फक्त ३८ टक्के तुकडे. २००५ मध्ये पुण्यात भारतातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली. ती लस ‘सी’वर आधारित होती, पण तिने पुरेसा प्रतिसाद जागवला नाही. पुढे अनेक उपप्रकारांचे तुकडे एकत्र गुंफून लस बनवण्याचाही प्रयत्न झाला. त्या लशींच्या मोठ्या चाचण्याही २०२१ आणि २०२३ मध्ये निष्फळ ठरून थांबवाव्या लागल्या.

औषधांची बाजू मात्र दिलासा देणारी आहे. आज पहिल्या फळीत असलेले डोलुटेग्राविर सर्व उपप्रकारांवर आणि एचआयव्ही-२वरही चालते, आणि त्याला चकवणे विषाणूला अवघड जाते. औषध नियमित घेतले आणि रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. धामणगावचा रुग्ण असो की पुण्याचा, उपचार सुरू करण्यापूर्वी उपप्रकार कळण्याची वाट पाहावी लागत नाही. उपप्रकारांचा अभ्यास औषधे, चाचण्या आणि लशी घडवणाऱ्यांसाठी आहे. रुग्णाला हवी असते ती वेळेवर तपासणी आणि न चुकता गोळी.

झाड काय सांगत नाही

आता पुन्हा चिठ्ठ्यांकडे येऊ. ‘घ’ आणि ‘च’ एका फांदीवर आहेत. त्यावरून ‘घ’ लिहिणाऱ्याने ‘च’ला चिठ्ठी दिली, असे म्हणता येईल का? मुले पटकन ‘हो’ म्हणतात. मग विचारावे, ‘कापडाच्या’ लिहिलेली आणखी एखादी चिठ्ठी आपल्या हाती आलीच नसेल तर? दोघांनी तिसऱ्याचीच पाहून लिहिली असेल तर? चिठ्ठ्यांवरून एवढेच कळते, की या दोघी जवळच्या आहेत. कोणी कोणाला दिली, हे कळत नाही. वर्गातल्या सगळ्या चिठ्ठ्या हाती असल्या तरच ते सांगता येईल, आणि साथीच्या रोगात तसे कधीच नसते.

हा बारकावा नुसता पुस्तकी नाही. ‘कुणाकडून आला?’ हा प्रश्न आपल्या गावांत विषाणूपेक्षा वेगाने पसरतो. नवरा वारला की दोष बाईवर येतो, ट्रकचालक किंवा कामाला बाहेर गेलेला मजूर असला की त्याच्यावर येतो. विज्ञानाच्या नावाने असा दोष कोणी देऊ पाहील, तर त्याला विज्ञानाचा आधार नाही. झाडाने निरपराधांची बाजू सावरल्याचे उदाहरण मात्र आहे. लिबियातील बेनगाझीच्या रुग्णालयात शेकडो मुलांना लागण झाली, तेव्हा पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर ती मुद्दाम पसरवल्याचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. २००६ मध्ये मुलांमधील विषाणूंच्या वंशवृक्षावरून असे दिसले, की ही माणसे मार्च १९९८ मध्ये तेथे येण्याच्या आधीपासूनच विषाणू त्या रुग्णालयात पसरत होता. २००७ मध्ये त्यांची सुटका झाली.

दुसरा गैरसमज नावाचा. ‘भारतीय सी’ म्हटले की तो भारतीय माणसाच्या रक्ताचा काही गुण आहे, असे वाटू शकते. तसे नाही. ही वंशावळ विषाणूची आहे, माणसाची नव्हे. ‘सी’ येथे पसरला तो येथे आधी पोहोचला म्हणून. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला तेथे लागण झाली, तर ती बहुधा ‘बी’ची असेल. जात, धर्म, जिल्हा यांच्याशी उपप्रकाराचे नाते नाही. नाते आहे ते विषाणूच्या प्रवासाशी.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि त्यांतील सुमारे ४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांत सर्वाधिक. त्यांतली मुले आपल्या शाळांतही आहेत आणि नियमित औषधांवर इतरांसारखीच वाढत आहेत. २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही व एड्स कायदा शिक्षण, नोकरी आणि उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई करतो, संमतीशिवाय तपासणी करू देत नाही आणि माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो.

तेव्हा वर्गात कोणी विचारले, की आपल्याकडचा विषाणू कोणता, तर ‘सी’ हे उत्तर द्यावे आणि ते कसे कळले तेही चिठ्ठ्या मांडून दाखवावे. आणि कोणी विचारले, की तो अमक्याला कुणाकडून आला, तर त्याच चिठ्ठ्यांकडे बोट दाखवून सांगावे, की हा प्रश्न यांनी सुटत नाही, आणि रुग्णाला बरे वाटण्यासाठी तो सुटण्याची गरजही नाही.